आलो खोकल्यासाठी, हे ढाळ काहून लागले?

पावसाळ्यात विदर्भातल्या कोणत्याही उपजिल्हा रुग्णालयाच्या मुलांच्या वॉर्डात जा, कोणाला न्यूमोनिया, कोणाला टायफॉईड, लेकरांच्या इवल्याशा हाताला सुई लावलेली अन् अँटिबायोटिक चालू. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, पोरगं हसायला लागतं अन् तेवढ्यात ढाळ सुरू होतात. माय घाबरून जाते. "सिस्टर, आमी तं खोकल्यासाठी आलो होतो, हे ढाळ काहून लागले?"

आतड्यात चांगले जिवाणू अब्जावधी असतात, ते वाईट जिवाणूंना जागाच मिळू देत नाहीत. पण कपाशीतलं तण मारायला फवारा मारावा अन् कपाशीच करपावी, तसं अँटिबायोटिक दोन्ही मारतं. म्हणून औषध मनाने बंद करायचं का? अजिबात नाही, न्यूमोनिया उलटला तर जीवावर येतं.

इथे प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवंत जंतूंचं औषध, कामी येतं. जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये जगभरातल्या ३३ अभ्यासांतल्या सहा हजारांवर मुलांचा हिशोब एकत्र केला, प्रोबायोटिक न दिलेल्या शंभरातल्या १९ मुलांना ढाळ लागले, दिलेल्या शंभरात फक्त ८. हा फरक लहान नाही हो! पण मेडिकलमधली कोणतीही पुडी चालत नाही. सगळ्यात जास्त भरवसा दोघांवर, लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी आणि सॅकरोमायसिस बुलार्डी, अन् डोसही भरपूर लागतो, दिवसाला ५०० कोटी जिवंत जंतू किंवा त्याहून जास्त. बुलार्डी तर जिवाणू नाहीच, ते यीस्ट आहे, म्हणजे बुरशीच्या जातीचं, बुलार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाला १९२० च्या दशकात तिकडे इंडोचायनात (आजचे व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) लिची अन् मँगोस्टीनच्या सालींवर सापडलेलं. यीस्ट असल्यामुळे अँटिबायोटिकने ते मरत नाही.

आणि ढाळ लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा अँटिबायोटिक सुरू होतं त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, प्रोबायोटिक द्यायचं का, कोणतं, किती. लाजायचं काही कारण नाही, लेकरू तुमचं आहे.

घरचं दही? खाऊ घाला, चांगलंच आहे, पण त्यात हेच जिवाणू एवढ्या संख्येने असतील याची खात्री नाही, म्हणून त्याला औषध समजू नका.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ, मोठ्या शिरेत नळी टाकलेलं लेकरू, प्रतिकारशक्ती फारच कमी असलेलं लेकरू, यांच्या रक्तात हेच जिवंत जंतू शिरून मोठं इन्फेक्शन होऊ शकतं. मेळघाट-गडचिरोलीकडे कुपोषणाने पार खंगलेली लेकरं भरती होतात, तिथे तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पुडी फोडायचीच नाही.

तरीही ढाळ लागलेच तर अंगावरचं दूध चालू ठेवा, वरण-भात बंद करू नका, झिंकच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशा १४ दिवस पूर्ण द्या. शौचात रक्त दिसलं किंवा लेकरू मलूल पडलं तर रात्र असो की पहाट, सिस्टरला उठवा. अन् ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण टाकायची, अर्धी नाही, चोवीस तासांनी उरलं तर फेकून नवीन करायचं.