कुणी पाठवलं? मुंबईतल्या चर्चांचा मिशनविचार

[दृश्य: वांद्रे, सेंट अँड्र्यूज चर्च. रविवार सकाळ.]

मिस्साबलिदान संपत आलंय. धर्मगुरू शेवटचा आशीर्वाद देतात आणि जमलेल्यांना निरोप देतात. लॅटिनमध्ये हा निरोप तीन शब्दांचा होता: ‘इते, मिस्सा एस्त.’ जा, पाठवणी झाली. सगळ्या उपासनेला ‘मिस्सा’ हे नाव पडलं ते या शेवटच्या वाक्यावरून. ‘मिशन’ हा शब्दही त्याच धातूचा. मित्तेरे, म्हणजे पाठवणं. मराठी बायबलातला ‘प्रेषित’ हा शब्दही तेच सांगतो: पाठवलेला.

मराठी कानाला पाठवणी म्हटलं की मुलीची पाठवणी आठवते. ती जाते ती दुसऱ्या घरची व्हायला. ख्रिस्ती मिशनमध्ये पाठवलेला माणूस कधी असाच दुसऱ्या घरचा झाला, तर कधी माहेरचं सगळं घरच पाठीवर घेऊन आला. मुंबईत या दोन्हींच्या खुणा हाकेच्या अंतरावर सापडतात.

सोळाव्या शतकापर्यंत ‘मिशन’ हा शब्द मुख्यतः देवाबद्दल वापरत: पित्याने पुत्राला पाठवलं, पवित्र आत्म्याला पाठवलं. माणसांना दूरदेशी पाठवण्यासाठी तो रूढ केला येशूसंघाने, म्हणजे जेज्विटांनी. हे चर्चही त्यांनीच १५७५ साली बांधलं. कुठल्याही चर्चचा मिशनविचार समजून घ्यायचा तर आधी या वाक्याचा कर्ता शोधावा. पाठवणारा कोण?

[दृश्य: वसईचा किल्ला, भरतीचं पाणी. मग दादरचं पोर्तुगीज चर्च.]

वसई १५३४ साली पोर्तुगिजांकडे गेली. त्या काळी पाठवणारा होता राजा. या व्यवस्थेचं नाव पाद्रोआदो. पोपनी पोर्तुगालच्या राजाला हक्कही दिला आणि जबाबदारीही: बिशपांची नावं राजाने सुचवायची, चर्चेस त्याने बांधायची, धर्मगुरूंचा खर्च त्याने उचलायचा. त्यामुळे राज्याची सीमा तीच मिशनची सीमा झाली. रोमला हे खटकलं. १६२२ मध्ये पोपनी प्रोपागांदा फिदे ही स्वतःची संस्था काढली. तिने १६५९ साली आशियात निघालेल्या बिशपांना लेखी बजावलं की लोकांचे रीतिरिवाज बदलायला जाऊ नका; फ्रान्स, स्पेन, इटली उचलून चीनमध्ये नेण्याइतका दुसरा वेडेपणा नाही.

हे दोन पाठवणारे मुंबईत समोरासमोर आले. १७२० साली इंग्रज सरकारने पोर्तुगीज फ्रान्सिस्कन संन्याशांना बेटातून बाहेर काढलं आणि प्रोपागांदाच्या कार्मेलाइट संन्याशांना बोलावलं. १७९४ मध्ये पॅरिशांची, म्हणजे धर्मग्रामांची, वाटणीच झाली. श्रद्धा तीच, संस्कार तेच सात, लॅटिन तीच. तरी एका गावात दोन बिशपांची सत्ता. १९२८ मध्ये दोन्ही बाजू एक झाल्या, पण आर्चबिशप आलटूनपालटून पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा, या अटीवर. भारतीय माणूस त्या क्रमात नव्हताच. आर्चबिशप टॉमस रॉबर्ट्स यांनी १९४६ मध्ये साहाय्यक बिशप व्हॅलेरियन ग्रेशस यांच्या हाती कारभार दिला आणि ते स्वतः मुंबईबाहेर पडले. १९५० मध्ये ग्रेशस आर्चबिशप झाले. कारभार स्थानिक माणसाकडे सोपवून बाजूला होणं हे मिशनमधलं सर्वांत अवघड काम. रॉबर्ट्स यांनी ते करून दाखवलं, याचं मोल मोठं आहे.

[दृश्य: मराठी बायबलाचं पान, मत्तय २८. बोट एका शब्दावर थांबतं.]

प्रॉटेस्टंट मिशनची सुरुवात एका वादापासून होते. ‘जाऊन सर्व राष्ट्रांना शिष्य करा’ ही येशूची आज्ञा पहिल्या प्रेषितांपुरती होती, ती पुरी झाली, असं अनेक प्रॉटेस्टंट मानत. विल्यम कॅरी यांनी १७९२ मध्ये साधा प्रश्न टाकला: जाण्याची आज्ञा संपली असेल, तर बाप्तिस्मा देण्याची आज्ञा अजून चालू कशी?

हा शब्द जवळून पाहा. ‘जाऊन.’ मूळ ग्रीक वाक्यात आज्ञार्थी क्रियापद एकच आहे: शिष्य करा. जाणं, बाप्तिस्मा देणं आणि शिकवणं ही तिन्ही धातुसाधितं आहेत. इंग्रजीत ‘गो’ हा स्वतंत्र हुकूम वाटतो. मराठीच्या ‘जाऊन’मध्ये ग्रीक रचना आपसूक उतरली आहे. फरक व्याकरणाचा दिसतो, पण त्यावर संस्था उभ्या राहिल्या. ‘जा’वर भर दिला की जहाज, निधी, किती माणसं निघाली याचा हिशेब महत्त्वाचा होतो. ‘शिष्य करा’वर भर दिला की आलेल्याला शिकवायला किती वर्षं दिली, हे विचारावं लागतं.

शब्दांतला आणखी एक फरक वसईच्या आणि भायखळ्याच्या माणसांना ठाऊक असेल. कॅथलिक म्हणतात ख्रिस्तसभा आणि शुभवर्तमान. प्रॉटेस्टंट म्हणतात मंडळी आणि सुवार्ता. ख्रिस्तसभा म्हटलं की जगभरचं एकच शरीर डोळ्यांपुढे येतं. मंडळी म्हटलं की या गल्लीतली, एका पाळकाभोवती जमलेली माणसं. पाठवणारं चर्च यांतलं नेमकं कोणतं, हा सगळा वाद या दोन शब्दांत दडलेला आहे.

[दृश्य: गिरगाव, आंब्रोली चर्च. मग चौपाटीवरचं विल्सन कॉलेज.]

अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये आले. दोन्ही मिशनांचं बायबल एक, शहर एक, पण कामाची पद्धत उलटी.

विल्सन यांची वाट शाळेची. १८३२ मध्ये आंब्रोलीला सुरू झालेल्या इंग्रजी शाळेतून पुढे विल्सन कॉलेज झालं. त्यामागचं धर्मचिंतन असं: शिक्षण म्हणजे जमिनीची मशागत. वरच्या थरातल्या तरुणांची बुद्धी तयार करायची, मग विचार खाली झिरपेल. यात अडचण कुठे आली, ते १८३९ मध्ये दिसलं. धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टात गेलं. न्यायाधीशांनी तरुणांना हवं तिथे जायची मोकळीक दिली, आणि इकडे पालकांनी मुलं काढून घेतल्यामुळे शाळा ओस पडली. मशागत करायची तर वर्ग भरलेला हवा, आणि पीक दिसलं की वर्ग रिकामा. हा पेच या पद्धतीच्या पोटातच आहे. म्हणून पुढे मिशन कॉलेजांनी बाप्तिस्मे मोजणं कमी केलं आणि विचार पसरवणं हेच मिशन मानलं.

अमेरिकन मिशनचे सचिव रूफस अँडरसन १८५४–५५ मध्ये या भागात पाहणीला आले. त्यांचं म्हणणं याच्या नेमकं विरुद्ध. मिशन म्हणजे परांची. इमारत उभी राहिली की ती काढायची. स्थानिक मंडळी तीन अर्थांनी आपल्या पायांवर उभी हवी: कारभार स्वतःचा, खर्च स्वतःचा, प्रसार स्वतःचा. इंग्लंडमध्ये हेन्री व्हेन हेच मांडत होते. त्यासाठी शिक्षण मराठीत, पाळक मराठी, आणि त्याचं राहणीमान मंडळीच्या ऐपतीतलं. अँडरसन यांच्या भेटीनंतर मिशनने इंग्रजी शाळांवरचा खर्च आखडला.

कागदावर हे नेटकं होतं. व्यवहारात आडवा आला खर्च. अहमदनगर भागात मंडळीत आलेली पुष्कळ माणसं महार आणि मांग समाजातली, शेतमजुरी नाहीतर बलुत्यावर जगणारी. पाळकाचा पगार त्यांच्या वर्गणीतून निघणं कठीण. पगार मिशनकडून, म्हणून निर्णयही मिशनचा, आणि निर्णय हाती नाही म्हणून वर्गणी द्यायची उमेदही थोडी. तीन ‘स्व’ एकमेकांना धरून असतात. एक अडलं की तिन्ही अडतात. शिवाय ज्या माणसांना इंग्रजीमुळे गावकीतून सुटायची वाट दिसत होती, त्यांची ती वाटही अरुंद झाली. सिद्धांत बरोबर असूनही त्याची किंमत सर्वांत गरीब माणसाने मोजली, हे विसरता येत नाही.

याच मिशनमधून आलेले जॉर्ज बोवेन १८४८ साली मुंबईत उतरले. मिशनरी बंगल्यात राहतो आणि ऐकणारा खोलीत, हे अंतर त्यांना सहन होईना. त्यांनी पगार सोडला, वस्तीत लहानशी खोली घेतली आणि रस्त्यावर मराठीत बोलत राहिले. चाळीस वर्षांत मायदेशी एकदाही गेले नाहीत. १८८८ मध्ये इथेच वारले. त्यांच्या शब्दाने ख्रिस्ती झालेले फार थोडे. मग ते मिशन फसलं म्हणायचं का? आकड्यांनी मोजणारा हो म्हणेल. ज्याच्या लेखी साक्ष हेच मिशन, त्याचं उत्तर वेगळं असेल.

[दृश्य: टाळ, मृदंग. कीर्तनाची तयारी.]

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या अभंगांचा पूल ओलांडून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांच्या आधीची बरीच ख्रिस्ती गीतं इंग्रजी चालींवर बेतलेली होती. चाल आधी, शब्द मागून, त्यामुळे ऱ्हस्व अक्षर ताणावं लागे आणि दीर्घ गिळावं लागे. टिळकांनी मोठ्या अभंगाचा साचा घेतला: सहा, सहा, सहा, चार अक्षरं. कीर्तनही घेतलं. नमन, मग पूर्वरंगात विषयाचं निरूपण, मध्ये नामगजर, उत्तररंगात कथा. येशूची गोष्ट उत्तररंगात बसते. पण पूर्वरंगातलं पद नुसता अनुवाद असेल तर मृदंग धडपडतो आणि ऐकणारा तिथेच सुटतो. निरूपणाचं पद मराठीतच जन्मलेलं हवं, हे टिळकांना कवी म्हणून कळत होतं.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही शिष्य चालत. इथे पाठवणारी संस्थाच नाही. बोलावणारा थेट गुरू. १९१९ मध्ये मुंबईत टिळक गेले आणि प्रयोग तिथेच राहिला. बाप्तिस्मा हा शिष्यत्वाचा दरवाजा की वाटेवरचा टप्पा, हा त्यांचा प्रश्न मात्र आजही कुणाला टाळता आलेला नाही.

[दृश्य: जुनं छायाचित्र, १९६४. विमानतळ, गर्दी.]

डिसेंबर १९६४. आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेससाठी, म्हणजे मिस्साच्या संस्काराला वाहिलेल्या कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्यासाठी, पोप सहावे पॉल मुंबईत आले. ३ तारखेला निरनिराळ्या धर्मांच्या प्रतिनिधींसमोर त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली: असतो मा सद्गमय. तेव्हा रोममध्ये जगभरच्या कॅथलिक बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद चालू होती. पुढच्याच वर्षी तिने ठरवलं की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, आणि चर्च स्वभावतःच मिशनरी आहे, कारण मिशनचा उगम पित्याने पुत्राला आणि आत्म्याला पाठवण्यात आहे. राजा गेला, संस्था मागे सरकली, आणि कर्त्याच्या जागी पुन्हा देव आला.

प्रॉटेस्टंटांनी हीच जागा १९५२ मध्ये जर्मनीतल्या विलिंगेनच्या परिषदेत गाठली होती. चीनमधून मिशनऱ्यांना नुकतंच बाहेर पडावं लागलं होतं, संस्थांचा पाया हलला होता. ‘मिस्सिओ देई’, देवाचं प्रेषण, हे नाव त्या विचाराला पडलं. त्यातली कच्ची बाजू तिरुनेलवेलीचे माजी बिशप स्टीफन नील यांनी हेरली: सगळंच मिशन झालं, तर मिशन काहीच उरत नाही. सुवार्ताप्रसारावर भर देणाऱ्या (इव्हँजेलिकल) प्रॉटेस्टंटांच्या १९७४ च्या लोझान परिषदेने सामाजिक जबाबदारी मान्य केली, पण सेवेच्या कामात सुवार्तेला पहिलं स्थान दिलं. याच सुमारास मध्य प्रदेशातल्या दमोहला जन्मलेले डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचा विचार गाजत होता: लोकांना आपला समाज न ओलांडता ख्रिस्ती होणं सोपं जातं. निरीक्षण खरं आहे. पण इथे ‘आपला समाज’ म्हणजे जात. त्यावर चर्च बांधलं, तर बाकं जातीप्रमाणे भरतात. अरविंद निर्मळ आदींचं दलित ख्रिस्ती धर्मचिंतन या दुखण्यावर बोट ठेवतं, आणि आम्हाला ते योग्य वाटतं.

पवित्र आत्म्याचा प्रत्यक्ष अनुभव केंद्रस्थानी मानणाऱ्या पेंटेकॉस्टल परंपरेत भर त्याच्या सामर्थ्यावर. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे आध्यात्मिक जागरण झालं, ते अमेरिकेतल्या अझुसा स्ट्रीटच्या प्रसिद्ध पेंटेकॉस्टल जागरणाच्याही आधीचं. तिथे पाठवणारा पवित्र आत्मा, आणि जाणाऱ्यांत आघाडीवर तरुण मुली.

बाप्तिस्म्याआधी किती वेळ द्यावा, यावर परंपरांत मोठं अंतर आहे. कॅथलिक पद्धतीत प्रौढ दीक्षार्थी दीर्घकाळ शिकतो, उपवासकाळात अखेरची तयारी करतो आणि ईस्टरच्या आदल्या रात्री स्नानसंस्कार घेतो. अनेक पेंटेकॉस्टल मंडळ्यांत विश्वास कबूल केल्यावर लवकरच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा होतो. २०११ मध्ये व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल आघाडी यांनी मिळून आचारसूत्रं काढली. गरिबीचा फायदा घ्यायचा नाही, आमिष दाखवायचं नाही, आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना त्याच्या असहायतेचा वापर करायचा नाही, धर्म बदलणाऱ्याला विचाराला पुरेसा अवधी द्यायचा.

[दृश्य: ठाण्याची खाडी, संध्याकाळ. मग कल्याण स्थानक, लोकलची गर्दी.]

पूर्वेकडच्या चर्चांचा विचार यापेक्षा जुना आणि शांत. ऑर्थोडॉक्स परंपरेत उपासना हाच मिशनचा उगम. वेदीवरची भाकर घेऊन माणूस दाराबाहेर पडतो, आणि पुढचा आठवडा म्हणजे उपासनेनंतरची उपासना. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन मारले गेले. ते उतरले होते तिथल्याच सिरियाई परंपरेच्या ख्रिस्ती लोकांकडे. ओडोरिक या प्रवाशाच्या वृत्तांतात त्यांची पंधरा घरं सांगितली आहेत.

त्याही आधी, सहाव्या शतकात, कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ इथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचं लिहिलं. बहुतेक अभ्यासक हे गाव म्हणजे आपलं कल्याण मानतात. १९८८ मध्ये मुंबई परिसरातल्या सिरो-मलबार, म्हणजे केरळच्या सिरियाई परंपरेतल्या, कॅथलिकांसाठी कल्याणचा धर्मप्रांत स्थापन झाला. केरळबाहेर भारतभर काम करण्याची मोकळीक त्या चर्चला पोप फ्रान्सिस यांनी दिली, २०१७ मध्ये.