सण नाही, वार नाही

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीच्या आधीचा आठवडा आला, की बेळगावच्या शहापुरातील आमच्या गल्लीत एक वेगळीच धांदल सुरू होत असे, आणि ती चकलीच्या सोऱ्याची किंवा करंजीच्या कातण्याची नसे. ती असे नानकटाई भट्टीवर नेण्याची. १९७०च्या दशकात आमच्या ओळखीच्या कोणाच्याही घरी ओव्हन नव्हता. त्यामुळे घरोघरच्या बायका मैदा, पिठीसाखर आणि तूप मोजून डब्यांत भरत, डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवत, आणि बेकरीवाला भाजणावळ घेऊन प्रत्येकाची नानकटाई वेगवेगळ्या पत्र्यांवर भाजून देत असे. पहाटेचे पाव निघून गेले की भट्टीचा ताव हळूहळू उतरू लागे. त्या उतरत्या तावावर आधी खारी होई, मग नानकटाईचा क्रम लागे, आणि सर्वांत शेवटी, रात्रभर उरणाऱ्या उबेत, शिळ्या पावाच्या कापांचे टोस्ट वाळत पडत. लाकडाच्या भट्टीला बटण नसते, तेव्हा ती जशी निवत जाईल तसे आपले काम लावून घ्यावे लागते. शाळेत उष्णतेचा धडा शिकण्याच्या किती तरी आधी मला हे त्या रांगेत समजले होते.

रांग मोठी मजेची असे. आमच्या पुढे कोणी मराठीत तुपाचा भाव सांगत असे, मागे कोणी कन्नडमध्ये सुनेची तक्रार करत असे, कॅम्पातून आलेल्या एखाद्या बाई कोकणीत मुलाला दटावत असत, आणि आतून भट्टीवाला दख्खनी उर्दूत नंबर पुकारत असे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, त्यानंतर आमच्याकडे भाषेवरून काय काय घडले, ते आपण सारे जाणता आणि त्याची चर्चा इतरत्र पुष्कळ होते. त्या रांगेत मात्र वाद एकाच गोष्टीवरून होई, तो म्हणजे कोणाचा पत्रा आधी आत गेला यावरून.

रात्री नऊ-दहाच्या सुमारास आमचा डबा मिळे. बाबा तो सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधत आणि गल्लीतल्या फरशीवरून खडखडत घरी आणत. साहजिकच घरी पोहोचेपर्यंत चार-दोन नानकटाया मोडलेल्या असत. आई चिमणीच्या उजेडात डबा उघडून निवड करी. अखंड नानकटाई मोठ्या डब्यात जाई, कडेने टवका उडालेली मधल्या डब्यात, आणि तुकडे व चुरा एका लहान पितळी डबीत. मोठा डबा पाहुण्यांचा, मधला आम्हा भावंडांचा आणि बाबांचा, आणि डबी आईची. दुपारचे काम आटोपल्यावर ती चहाबरोबर चमच्याने तो चुरा खाई. आईला चुराच आवडतो, हे आमच्या घरातले एक मान्य सत्य होते. अक्काने ते तिच्या सासरी सांगितले, मी माझ्या मुलांना सांगितले, आणि चाळीस-पन्नास वर्षांत त्याबद्दल कोणाच्याही मनात शंका आली नाही.

गेल्या वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले. तीसेक वर्षे मुलांना विज्ञान शिकवले, आणि निवृत्तीच्या दिवशी शाल व श्रीफळ घेऊन घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचे, हे मला सुचेना. मुलगा आणि सून बेंगळुरूला असतात. आई आता ८४ वर्षांची आहे, माझ्याकडेच असते, आणि तिचा दिवस माझ्यापेक्षा कितीतरी नेटका असतो. अशा एका रिकाम्या दुपारी, मुलाने दोन वर्षांपूर्वी घेऊन दिलेला आणि मी कपडे ठेवायच्या कपाटावर ठेवून दिलेला छोटा ओव्हन मी खाली उतरवला. आईने विचारले, "सण न्हाई, वार न्हाई, काय करालीस गं?" मी म्हटले, नानकटाई.

पहिली खेप साफ फसली. तूप पातळ होते आणि खायचा सोडा मी सढळ हाताने घातला होता, त्यामुळे पत्र्यावर मांडलेले बारा गोळे वितळून एकमेकांत मिसळले आणि पत्राभर एकच पातळ, तपकिरी चकती तयार झाली. आईने चष्मा लावून ती नीट पाहिली आणि म्हणाली, "ही नानकटाई न्हवं, मांडा झालाय." बेळगावकराला याहून नेमका शेरा देता येणार नाही. बाहेरगावचे लोक आमच्याकडून कुंदा घेऊन जातात, पण लग्नाच्या रुखवतात मान असतो तो मांड्याचा. कणीक हातांवर फिरवत फिरवत ती अंगाहून मोठी होईपर्यंत वाढवायची, आणि पालथ्या तापलेल्या खापरावर किंवा कढईवर टाकून, पिठीसाखर व खसखस पेरून, घडी घालून उतरायची. मुक्ताईची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. विसोबाच्या धाकाने कुंभारांनी तिला खापर दिले नाही, तेव्हा ज्ञानदेवांनी आपली पाठ तापवून दिली आणि तिने पाठीवर मांडे भाजले. कथेत पुढे विसोबा येऊन ते मांडे खातो आणि त्याला उपरती होते. मुक्ताईने स्वतः त्यातले किती खाल्ले, हे मात्र मी अजून कोणत्याही कीर्तनकाराच्या तोंडून ऐकलेले नाही.

फसलेल्या खेपेनंतर माझ्यातली विज्ञानाची शिक्षिका जागी झाली. नानकटाईचे सारे रहस्य तुपात आहे. तूप रवाळ, थिजलेले पाहिजे, पण दगडासारखे नको. आमच्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरात ते बरणीत चमचा रुतत नाही इतके घट्ट होते, तेव्हा सकाळच्या उन्हात थोडा वेळ ठेवावे. मग परातीत तूप आणि पिठीसाखर एकत्र घेऊन तळहाताने फेसत राहावे. पिवळसर तूप पांढरे आणि हलके दिसू लागले, की त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकले असे समजावे. हेच बुडबुडे पुढे उष्णतेने फुगून नानकटाईला खुसखुशीत करतात. त्यानंतर मैदा घालायचा, सोबत चमचाभर रवा, वेलची, चिमूटभर मीठ आणि सोडा अगदी चिमटीत मावेल एवढाच, कारण सोडा जास्त झाला तर नानकटाई पसरते आणि जिभेला साबणासारखी चव लागते. गोळा फक्त एकत्र करायचा, मळायचा नाही. मैद्याला पाणी लावून मळले की ग्लूटेनचे चिवट जाळे तयार होते. पोळीला ते हवे असते, नानकटाईला ते मारक ठरते. तुपाने मैद्याचा कण न् कण माखला की हे जाळे धरत नाही आणि घास तोंडात विरघळतो.

माझे प्रमाण आहे १०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम तूप आणि ५० ग्रॅम पिठीसाखर. एवढ्यात तेरा-चौदा नानकटाया होतात. ओव्हन आधी तापवून १६० अंशांवर साधारण अठरा ते वीस मिनिटे पुरतात. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी जाड बुडाच्या कुकरमध्ये मिठाचा थर द्यावा, शिट्टी आणि रबर काढून झाकण लावावे, दहा मिनिटे तापू द्यावे आणि आत तिवईवर ताटली ठेवावी. वेळ थोडा जास्त लागतो. बाहेर काढल्यावर नानकटाई मऊ लागते, म्हणून कच्ची राहिली असे समजून ती पुन्हा आत ढकलू नये. गार होताना ती आपोआप कडक होते. आई हे माझ्याआधी सांगते, "गार हुईस्तवर हात लावू नको बग."

प्रमाण मुद्दाम लहान ठेवले आहे. किलोभर मैद्याची नानकटाई हे सणाचे काम झाले, त्यात पाहुणे आले, शेजारपाजार आला, आणि मग मोठा डबा, मधला डबा, लहान डबी हेही आलेच. तेरा-चौदा नानकटाया म्हणजे एका साध्या दुपारचे काम आहे. हल्ली स्वतःची काळजी घेण्याविषयी सगळीकडे पुष्कळ बोलले जाते, आणि बोलणे संपता संपता कोणते तरी तेल किंवा साबण विकला जातो. आमच्या घरांतून तेल, उटणे आणि बंबाचे कढत पाणी वर्षातून एकदा, नरकचतुर्दशीला, सगळ्यांच्या वाट्याला येई. आदल्या संध्याकाळी शेजारच्या कन्नड काकू घागरी घासून, त्यांना हळदकुंकू लावून पाणी भरायचा सण करत. आमचीही भांडी तेव्हाच भरून ठेवलेली असत. पहाटे आई आम्हा सर्वांना तेल लावी, रगडून न्हाऊ घाली, आणि तिची पाळी येईपर्यंत बंबातला जाळ विझलेला असे. त्या कोमट पाण्याची मला आठवण आहे, कारण एकदा मी हात बुडवून पाहिला होता, आणि पाहून तशीच फटाके उडवायला पळाले होते.

तेव्हा माझी काळजी घेण्याची रीत एवढीच आहे, की पत्रा ओव्हनमध्ये गेला की ती वीस मिनिटे मी काहीही करत नाही. परात विसळत नाही, ओटा पुसत नाही, फोन पाहत नाही. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या मांडते आणि आई व मी ओव्हनच्या काचेकडे तोंड करून बसतो. जुलै महिन्यात, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, दोरीवरचे कपडे कुबट वास मारतात आणि भिंतीला ओल येते, तेव्हा वेलची व तुपाच्या वासाने भरलेली ती उबदार खोली सोडून उठावेसे वाटत नाही. पहिले काही दिवस मला ही वीस मिनिटे फार लांब वाटली. रिकामे बसण्याचीही सवय करावी लागते.

या वीस मिनिटांत आई बोलू लागली. मुद्दाम विचारले असते तर तिने काही सांगितले नसते. एक दिवस मी पत्रा बाहेर काढला, नानकटाई गार झाल्यावर एक मोडली, आणि सवयीने तिचा चुरा वाटीत घालून तिच्यापुढे ठेवला. तिने वाटीकडे पाहिले. म्हणाली, "आख्खी दे की." मी म्हटले, तुला तर चुरा आवडतो. त्यावर ती म्हणाली, "कधी म्हटलंय मी? तुमी खाल्लासा, चुरा उरला. उरलेलं टाकून द्यायचं होतं काय?"

श्रोतेहो, मी आठवून पाहिले. खरोखरच ती तसे कधी म्हणाली नव्हती. तो निष्कर्ष आम्हीच काढला होता, आमच्या सोयीचा होता म्हणून कधी तपासलाही नव्हता. आयुष्यभर मुलांना सांगत आले की निरीक्षण आणि अनुमान यांत फरक असतो.

त्या दिवशी मला फार वाईट वाटले आणि मी ते बोलूनही दाखवले. आई हसली. तिला माझी कणव आवडली नसावी. पुढच्या खेपेला, ओव्हन सुरू असताना, तिने आपण होऊन एक गोष्ट सांगितली. बाबा वडगावात मागावर विणकामाला होते, आणि घरी आई चरख्यावर धाग्याच्या कांड्या भरून देत असे, त्याचे पैसे तिला वेगळे मिळत. ते पैसे हाती आले की ती बाजाराला म्हणून बाहेर पडे, परतीच्या वाटेवर बेकरीतून एक क्रीमरोल घेई, कपिलेश्वराला नमस्कार करी, आणि तळ्याच्या काठी बसून तो एकटीने खाई. मग पदराने तोंड पुसून, भाजीची पिशवी उचलून घरी येई. आम्हाला कधी कळले नाही, बाबांनाही नाही. "किती वर्षं?" मी विचारले. "तू मॅट्रिक हुईस्तवर," ती म्हणाली.

मला एकदम हलके वाटले, आणि थोडा रागही आला, कारण क्रीमरोल आम्हालाही आवडत असे.

मी लगेच म्हटले, आपण घरी क्रीमरोल करू, मी शंकूचे साचे मागवते. तिने मान हलवली. घरच्या क्रीमरोलमध्ये तिला रस नव्हता. मग गेल्या महिन्यात, पाऊस उघडलेला पाहून, आम्ही रिक्षा करून कपिलेश्वराला गेलो. जाताना दोन क्रीमरोल घेतले. देवाला नमस्कार केला आणि तळ्याच्या बाजूला बसायला जागा शोधली. आईने कागद उलगडला, रोल टोकाकडून खायला सुरुवात केली, कारण रुंद बाजूने खाल्ले तर क्रीम आधी संपते आणि शेवटी नुसती कोरडी खारी उरते, हे तिने मला तेव्हा समजावून सांगितले. पापुद्रे तिच्या मांडीवर पडत होते आणि ती ते झटकत नव्हती. अर्धा खाऊन झाल्यावर म्हणाली, "पयल्यासारखा न्हाई." उरलेला अर्धाही तिने संपवला. मग माझ्या हातातल्या क्रीमरोलकडे पाहून तिने विचारले, तुझा तू खाणार आहेस ना सगळा?

मी होय म्हटले, आणि खाल्ला.

नमस्कार.