हिंगण्याची पिन, मुंबईची बोट

[दृश्य: नागपूर, धरमपेठ. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर तीन-तीनच्या जोडणीतले दोन संच. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

हे रोप क्लच. शिडाच्या बोटीवर डोलकाठीतून उतरून डेकवरून मागे येणारे दोर यांच्यातून जातात आणि यांच्यातच अडकून राहतात. बोट मुंबईला आहे, पावसाळ्यापुरती पाण्याबाहेर काढून ताडपत्रीखाली ठेवलेली. तिच्या मालकांपैकी एक काका नागपूरचे. बोट काही इकडे आणता येत नाही. क्लच मात्र पिशवीत घालून रेल्वेनं आले.

ते डेकवरून उतरवतानाचं चित्रीकरण आमच्याकडे नाही. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. दोर ओढून काढण्याआधी प्रत्येकाच्या शेपटीला बारीक दोरी शिवली होती. दोर बाहेर आला, दोरी त्याच्या वाटेत राहिली. नाहीतर डोलकाठीच्या पोटातून नवी वाट काढत बसावं लागतं.

[दृश्य: हँडल खाली. दोराचा तुकडा एका बाजूनं सरकतो, उलट ओढल्यावर अडतो. पुन्हा एकदा, अगदी जवळून.]

नीट पाहा. वर कॅम, म्हणजे पिनवर फिरणारा दातेरी तुकडा, खाली दातेरी बैठक, मधून दोर. विंच, म्हणजे दोर गुंडाळून ताणायची फिरकी, तिच्याकडून ओढलं की दोर कॅमला जरासा उचलतो आणि पुढे येतो. शीड वाऱ्यानं भरलं आणि दोराला डोलकाठीकडे खेचू लागलं, की तोच दोर कॅमला सोबत फिरवतो. कॅम खाली उतरतो, दोर दाबला जातो. ओढ जितकी जास्त, पकड तितकी घट्ट. त्यामुळे एका विंचवर तीन-चार दोरांचं काम निभतं. एक ताणायचा, क्लचच्या हवाली करायचा, विंच मोकळी करून दुसरा घ्यायचा.

सगळ्याच क्लचमध्ये कॅम नसतो. काहींत कड्यांची साखळी असते. त्या कड्या तिरप्या होऊन दोराला धरतात. या टेबलावरचे सहाही क्लच कॅमचे आहेत.

यातला मोठ्या शिडाचा क्लच गेल्या हंगामात दोर धरेनासा झाला होता. शीड वर चढवावं आणि तासाभरात त्याची डोलकाठीलगतची कड सैल पडावी. अशा वेळी अख्खा संच फेकून नवा बसवायचा सल्ला सर्रास दिला जातो. आमचं म्हणणं आहे, आधी उघडा. हा भाग उघडण्यासाठीच बनवलेला आहे. कॅम वेगळा मिळतो, स्प्रिंग वेगळी मिळते, बैठकही वेगळी मिळते.

[दृश्य: पिन ठोकून बाहेर. बाजूची पट्टी सुटते. आतून पांढरी पूड वर्तमानपत्रावर पडते.]

रांगोळीसारखी दिसणारी ही पूड म्हणजे थोडं मीठ आणि बरंचसं ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. बाजूच्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारं पाणी. अशा जोडीत ॲल्युमिनियम झिजत जातं. म्हणून जोडताना दोघांच्या मध्ये अलग ठेवणारी पेस्ट लावतात. इथं ती कधी लावलेली दिसत नाही.

[दृश्य: टबात कोमट पाणी, साबण, जुना दातांचा ब्रश.]

धुणं सावकाश चालतं. पाणी नळाचं घेतलंय, बोअरचं नाही. मीठ काढायचं आणि बोअरच्या पाण्याचा क्षार बसवायचा, यात अर्थ नाही. काका दात्यांच्या फटीत ब्रश आडवा फिरवतात, पाणी ओततात, उजेडाकडे धरून पाहतात, पुन्हा ब्रश.

[दृश्य: दोन कॅम शेजारी शेजारी. एकाचे दाते ठळक, दुसऱ्याचे गुळगुळीत, चमकणारे.]

फरक डोळ्यांना दिसतो. उजवा मोठ्या शिडाच्या क्लचमधला. कानशीनं याला धार काढायचा मोह होतो. तसं करू नये. हे दाते मुळात बोथट असतात, दोराला कापायचं नाही म्हणूनच. धार आली की दोराचं वरचं विणलेलं आवरण फाटतं. हा कॅम बदलायचाच. स्प्रिंगही बदलायची. तिचं काम हलकं आहे, कॅमला दोरावर नुसतं टेकवून ठेवायचं. पण गंजलेली स्प्रिंग कॅमला टेकवतच नाही, मग पकड सुरू तरी कुठून होणार?

आणि दोरही तपासायचा. शीड दरवेळी त्याच उंचीवर थांबतं, म्हणून दोराची तीच वीतभर जागा कायम कॅमखाली येते आणि तिथलं आवरण विरतं. शिडाकडच्या टोकाचा थोडा तुकडा कापला की नवी जागा कॅमखाली येते. दुसरा घोळ जाडीचा. डायनीमा या कृत्रिम धाग्याचा बारीक दोर जास्त ताकदीचा असतो, म्हणून लोक 10 मिलीमीटरच्या जागी 8 चा घालतात. दोर तुटत नाही, पण क्लचला तो पुरत नाही. प्रत्येक क्लचची दोराच्या जाडीची मर्यादा ठरलेली असते, आणि तिच्या खालच्या टोकाला पकड सगळ्यात कमी मिळते.

[दृश्य: हिंगणा एमआयडीसी. लेथ सुरू. फिरणाऱ्या सळईवरून चमकता कीस.]

पिन एका बाजूनं झिजली होती. मायक्रोमीटरवर दोन दशांश मिलीमीटरचा फरक. नवी इथं बनते आहे. स्टेनलेस स्टीलच्या 304 आणि 316 या जातींपैकी तिला 316 हवी.

लेथवरच्या दादांनी सळईला चुंबक लावून पाहिलं. लागलं नाही. काका खूश झाले.

“चुंबक नाही लागलं म्हणजे 316 च आहे, असं नाही राहत काका. 304 ला पण नाही लागत.”

“मग कसं ओळखायचं भाऊ?”

“थेंब टाकून पाहू ना. लगेच समजते.”

[दृश्य: सळईवर रसायनाचा थेंब, रंग बदलतो. दोघे वाकून पाहतात.]

316 मध्ये साधारण 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं. खाऱ्या पाण्यात पडणारे बारीक खड्डे त्यामुळे रोखले जातात. 304 किचनच्या सिंकला उत्तम, डेकवर मात्र त्यावर तांबूस डाग उमटतात. समुद्र न पाहिलेल्या या दुकानात धातूची ही पारख रोजची आहे. नागपुरात अशी दुकानं, असे हात पुष्कळ आहेत, आणि त्यांना विचारणारे कमी. हे आम्हाला मनापासून खटकतं.

[दृश्य: टेबलावर जुळणी. कॅम आत, पिन आत, हँडल.]

कॅम उलटा बसवता येतो, आणि उलटा बसला तर काहीच धरत नाही. म्हणून उघडण्याआधी फोटो काढलेले. ग्रीस कुठंही नाही. ते धूळ धरतं आणि दोराला लागतं. फक्त पिनवर कोरडं वंगण.

[दृश्य: दुसरा संच. पट्टीवर बोल्टच्या भोकापासून गेलेली केसासारखी चीर. बोट चिरेवरून फिरतं.]

हा मात्र वाचत नाही. पट्टीच चिरली आहे आणि भार पट्टीवर येतो. इथं हट्ट करायचा नाही, तिन्हींचा संच नवा घ्यायचा. नव्याची भोकं जुन्या भोकांवर येत नाहीत, म्हणून आता डेकचं काम निघालं.

[दृश्य: गच्ची. फायबर, मध्ये बाल्सा लाकूड, पुन्हा फायबर असा डेकसारखा तुकडा. ड्रिल.]

मुंबईला करायचं त्याचा हा सराव. दोन थरांमधल्या लाकडात बोल्टच्या भोकातून पाणी शिरलं तर ते आतल्या आत कुजतं आणि वरून काही कळत नाही. म्हणून जुनं भोक मोठं करायचं, घट्ट कालवलेल्या इपॉक्सीनं भरायचं. नवं भोकही आधी मोठं पाडून भरायचं आणि इपॉक्सी वाळल्यावर तिच्यातून बोल्टच्या मापाचं पाडायचं. वरची कड जराशी खोलगट करायची, म्हणजे ब्युटाइल, पाणी अडवणारं चिकट रबरी लुकण, तिथं रिंगणासारखं बसतं. आवळताना बोल्ट फिरवायचा नाही, खालून नट फिरवायचा. नटाखाली ॲल्युमिनियमची जाड पट्टी. तीही हिंगण्यातच कापून घेतली.

[दृश्य: फोनवरचे फोटो. डेक, बसवलेले क्लच.]

बसवणी सप्टेंबरात मुंबईत झाली. भार असलेला क्लच उघडण्याआधी दोराचे वळसे विंचवर घ्यायचे. नाही घेतले तर सुटलेला दोर तळहात सोलून काढतो.

जुन्या संचातले दोन चांगले कॅम आणि हिंगण्यात जास्तीची करून घेतलेली एक पिन बोटीवरच्या डब्यात आहेत. ब्युटाइल दाबून बसतं तसे नट थोडे सैल पडतात. ऑक्टोबरात शिडं चढली की ते पुन्हा आवळायचे आहेत.