खोडरबराची सुट्टी

(वहीचं पान, अगदी जवळून)

३(क्ष − ४) = २क्ष + ५.

पेन्सिल भरभर चालली आहे. खालच्या ओळीत ३क्ष − ४ = २क्ष + ५. त्याखाली क्ष = ९. उत्तराखाली दोन रेघा मारल्या, काम झालं. तेवढ्यात त्या नऊवर बाईंचं बोट येतं.

"ताळा?"

क्षच्या जागी ९ ठेवून बघितलं. डावी बाजू १५, उजवी २३.

आता हा हात बघा. सवयीने कंपासपेटीकडे जातो आणि रिकामाच परत येतो. आठवीच्या या गणिताच्या तासाला खोडरबर दप्तरातच ठेवायचं असतं.

चुकलेल्या ओळीवर एकच आडवी रेघ मारायची, तीही खालचं वाचता येईल अशी. शेजारी कारण लिहायचं. वहीवाली मुलगी लिहिते, '४ ला ३ ने गुणलंच नाही.' पुन्हा मांडणी. या वेळी क्ष = १७. दोन्ही बाजू ३९.

(फळा)

बाईंनी फळ्यावर लिहिलंय, ५ + ३ = ८ × २ = १६. उत्तर बरोबर आहे की नाही, असं विचारल्यावर सगळा वर्ग 'बरोबर' म्हणतो. मग बाई मधला तुकडा तेवढा झाकतात. उरतं, ५ + ३ = १६.

प्राथमिक वर्गांत बरोबरच्या चिन्हाचा अर्थ मुलांपुरता एवढाच असतो, की 'आता उत्तर लिही'. समीकरणं आली की तो अर्थ पुरत नाही. 'बरोबर आहे' हे शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा आला, म्हणून रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्सच्या गणितज्ञाने १५५७ साली दोन समांतर रेघा वापरल्या. याहून सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत, असं त्याचं म्हणणं. त्याच्या रेघा आजच्यापेक्षा बऱ्याच लांब होत्या. या वर्गातही त्या जरा लांबच काढतात, आणि एका ओळीत एकदाच. पुढची पायरी पुढच्या ओळीत, चिन्हाखाली चिन्ह.

पायऱ्या गाळून थेट उत्तर लिहिलं, तर बाई वही तशीच परत देतात. उत्तर बरोबर असलं तरी. पहिल्या आठवड्यात यावरून बरीच कुरकुर झाली. (तोंडी हिशोब करून मोकळं व्हायची खोड आपल्यालाही होती, असं आमच्या कॅमेरामनने नंतर कबूल केलं.)

(गृहपाठाचं पान)

गृहपाठात सहाच उदाहरणं आहेत. पण नीट बघा. पहिलं अपूर्णांकांचं, दुसरं समीकरण, तिसरं क्षेत्रफळाचं, चौथं पुन्हा अपूर्णांकांचं. मुलांना हे आवडत नाही. एकाच जातीची दहा उदाहरणं सलग दिली, की तिसऱ्यापासून हात आपोआप चालतो, डोकं लागत नाही. नेमकं तेच बाईंना नको आहे. अमेरिकेत डग रोहरर आणि सहकाऱ्यांनी सातवीच्या ५४ वर्गांवर याचा प्रयोग केला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. सरावानंतर महिन्याभराने, आधी न सांगता चाचणी घेतली. मिसळून सराव केलेल्यांना सरासरी ६१ टक्के, एका जातीची उदाहरणं सलग सोडवणाऱ्यांना ३८.

उजळणीसुद्धा वही मिटून. सोडवलेलं उदाहरण नुसतं वाचलं की सगळं येतंय असं वाटतं. कोऱ्या पानावर पहिली ओळ लिहायला बसलं, की कळतं काय येतंय ते.

आणि 'जमलं नाही' हे दोन शब्द गृहपाठात चालत नाहीत. जिथपर्यंत आलं तिथपर्यंत लिहायचं आणि कुठे अडलं ते स्पष्ट विचारायचं.

सहामाहीत बऱ्याच जणांचे गुण वाढले, काहींचे होते तिथेच राहिले.

(शेवटचा बाक)

या मुलाच्या वहीत आज तीनच ओळी आहेत. चौथ्या ओळीच्या जागी त्याने लिहिलंय, 'कंस सोडवल्यावर वजाचं अधिक का झालं?'

बाई बाक सरकवून शेजारी बसतात आणि पेन्सिल त्याच्याच हातात राहू देतात.