समुद्राकाठी 58 मीटर उंची? ट्रेकचं घड्याळ घेण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी. मी गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर उभा आहे, लाट पावलांना शिवून परत जातेय. आणि हे बघा... (मनगट कॅमेऱ्याजवळ) घड्याळ म्हणतंय, मी 58 मीटर उंचीवर आहे.

घड्याळ बिघडलेलं नाही. ते उंची मोजतच नाही, हवेचा दाब मोजतं. अल्टिमीटर (उंची दाखवणारा) आणि बॅरोमीटर (दाब दाखवणारा) ही नावं दोन, पण आत दाबाचा सेन्सर एकच. दाब एक हेक्टोपास्कलने (हे दाबाचं माप) उतरला की घड्याळ समजतं, तुम्ही साधारण 8 मीटर वर चढलात. मुळात ते समुद्रसपाटीला 1013.25 हेक्टोपास्कल धरून चालतं. आता जुलै आहे. आपल्याकडे ऐन पावसाळ्यात हा दाब 1006च्या आसपास येतो. सातचा फरक पडला, झाले 50-60 मीटर!

आणि हवेलासुद्धा भरती-ओहोटी असते, बरं का. सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला, दुपारी चारला उतरलेला, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला खाली. दिवसाला तीनेक हेक्टोपास्कल. सकाळी घड्याळ टेबलावर काढून ठेवा आणि चारला बघा, जागच्या जागी ते 25 मीटर चढलेलं दिसेल.

25 मीटरनं काय होतं? सर्वे ऑफ इंडियाच्या 1:50,000 नकाशावर दोन उंचीरेषांमध्ये 20 मीटर असतात. गेल्या वर्षी चोर्ल्याच्या रानात मी सकाळी उंची सेट केली आणि नंतर बघितलंच नाही. दुपारी चारला एका व्हाळाशी, म्हणजे ओढ्याशी, पोचलो. आकड्यावरून मला वाटलं हा वरचा व्हाळ, प्रत्यक्षात तो खालचा होता. त्याच्या काठानं आत शिरलो. मोबाईलला रेंज नाही, रान दाट, आणि उजेड जायला लागलेला. वाट सापडली, पण ती भीती मी विसरलेलो नाही. म्हणून हा व्हिडिओ.

तर दुकानात गेलात की पहिली गोष्ट ही बघा: उंची पुन्हा सेट करायला किती बटणं दाबावी लागतात? बोटं ओली करून दाबून बघा. मेन्यूत पाच पायऱ्या उतरायच्या असतील तर पावसात तुम्ही ते करणार नाही. खरी उंची कळण्याची सोय मात्र आपल्याकडे छान आहे. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. दूधसागरच्या बाजूला जाताना कुळ्याला उतरलात की पाटी वाचा, आकडा घड्याळात घाला, मगच निघा. (रुळांवरून चालत जायला बंदी आहे. ती पाळा.)

दुसरी गोष्ट, दाबाचा आलेख. नुसता आकडा पुरत नाही, मागच्या काही तासांची रेघ दिसली पाहिजे. 16 मे 2021ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं. आदल्या रात्री दहाला जी रेघ रोज वर जाते, ती माझ्या घड्याळावर वर गेलीच नाही. चारची उतरण रोजचीच आहे, तिला घाबरू नका. रात्री दहाला चढ नसेल, तर रानात जायचा बेत सोडा. यासाठी घड्याळात एक सोय असावी. तुम्ही चढत असाल तर दाबाचा बदल उंचीत धरायचा, मुक्कामाला थांबलात तर हवामानात. सूंटो कोअर नावाचं घड्याळ हे आपोआप ठरवतं. इतर काहींत ते हातानं बदलावं लागतं, तेही चालेल.

होकायंत्राचं थोडक्यात सांगतो. घड्याळ आडवं धरा, स्कूटर, रूळ आणि मोबाईलपासून लांब उभे राहा, ट्रेकच्या आधी एकदा कॅलिब्रेट करा, म्हणजे दिशा नीट जुळवून घ्या. तापमान मात्र मनगटावर असताना वाचू नका, ते तुमच्या अंगाचं असतं. अर्धा तास काढून ठेवा, मग वाचा.

आता पाणी. हे गोव्यात फार महत्त्वाचं. सूंटो कोअरवर 30 मीटर लिहिलंय, कॅसिओच्या बऱ्याच प्रो ट्रेकवर 100, जी-शॉक रेंजमन जीडब्ल्यू-9400वर 200. 30 मीटर म्हणजे 30 मीटर खोल नेता येतं असं समजू नका. पोहणार, कायाकिंग करणार असाल तर 100पेक्षा कमी लिहिलेलं घड्याळ घेऊच नका. कातडी पट्टा तर आपल्या पावसाळ्यात कुजतोच, रेझिनचा किंवा कापडी घ्या.

आणि ही बारीक भोकं दिसली? (घड्याळाची कड दाखवत) सेन्सरपर्यंत हवा इथून जाते. वाळू, मीठ, सनस्क्रीन इथंच अडकतं आणि आकडा अडून बसतो. घरी आलात की नळाच्या गोड्या पाण्याखाली धरा. सुई, टाचणी आत घालायची नाही.

आता मी इथं, भरतीच्या रेषेवर, उंची शून्य करतोय... झालं. तुमच्या जवळच्या स्टेशनच्या पाटीवर किती उंची लिहिलीय ते कमेंटमध्ये टाका. पेडण्यापासून काणकोणापर्यंतची यादी करून खाली पिन करतो.