सोन्याचा कण, त्याचा रंग आणि त्यावर चाललेली रिअ‍ॅक्शन

मायक्रोस्कोपच्या काळ्याकुट्ट स्क्रीनवर हे लाल-हिरवे ठिपके दिसतायत ना, यातला प्रत्येक ठिपका म्हणजे सोन्याचा एक कण, केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या हिश्श्याएवढा. गोल कण हिरवे दिसतात, लांबट काडीसारखे असतात ते लाल. उजेड तिरका सोडलाय, त्यामुळे कणावरून विखुरलेला प्रकाशच तेवढा लेन्समध्ये येतो.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेतल्या, सोन्याच्या लाल द्रावणाच्या या बाटल्या शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेच्या. १८५७ मध्ये त्यानं सांगितलं होतं की हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा आहे. विजेनं द्रावणातून धातू किती सुटतो याचे नियमही त्याचेच, पण हे दोन धागे एका कणावर जुळायला फार काळ गेला. २००८ साली मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी सोन्याच्या एकेका कणावरची रिअ‍ॅक्शन त्याच्या रंगावरून टिपली.

आता हा सेल बघा, म्हणजे रिअ‍ॅक्शन घडवायची ही छोटी डबी. खाली वीज वाहणारी पारदर्शक काच, तिच्यावर सोन्याचे कण, वर द्रावण, त्यात प्लॅटिनमची तार आणि एक रेफरन्स इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजायचं तो, आणि तिन्ही वायरी गेल्यात पोटेन्शिओस्टॅटला, म्हणजे व्होल्टेज हवं तेवढं ठेवणाऱ्या यंत्राला. उजेड पडला की कणातले मोकळे इलेक्ट्रॉन एकदम हेलकावे घेतात, यालाच प्लाझमॉन म्हणतात, आणि कणाचा रंग ठरतो तो या हेलकाव्यावर. व्होल्टेज निगेटिव्ह केलं की कणात जास्तीचे इलेक्ट्रॉन शिरतात, रंग निळ्याकडे सरकतो, पॉझिटिव्ह केलं की लालकडे. हा फरक इतका बारीक असतो की डोळ्याला कळतच नाही, तो स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे प्रकाशातले रंग मोजणाऱ्या यंत्रावर बघायचा, हा ग्राफ सरकतोय तो.

पण द्रावणात चांदीचा क्षार असला की मात्र खरी मजा. चांदी कणावर बसायला लागते आणि लाल ठिपका नारिंगी होत होत हिरव्याकडे जातो. शेजारचा बघा, अजून लालच! मीटरवरचा करंट लाखो कणांची बेरीज दाखवतो, त्यात हा मागे राहिलेला कण कधी सापडलाच नसता, आणि आम्हाला तर तोच बघायचाय.

गंज, बॅटऱ्या, फ्युएल सेल, यातलं बरंचसं शेवटी धातूच्या पृष्ठभागावर घडतं, तिथे हे कामाला येतं. त्यासाठी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसारखा व्हॅक्यूम (निर्वात जागा) लागत नाही, कण द्रावणातच राहतो आणि रिअ‍ॅक्शन चालू असतानाच बघता येते.