हप्ता तोच, मुदत कमी

(गोव्यातील फोंडा येथील एका वाचनालयाच्या महिला विभागात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मैत्रिणींनो, आणि मागच्या रांगेत बसलेल्या दोन वडिलांनाही, नमस्कार.

मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या हिशेब विभागात काम करते. अर्थसल्लागार नाही, कर्जदार आहे. २०२१ साली आम्ही दोघांनी मिळून कुर्टीला फ्लॅट घेतला. वीस लाखांचं कर्ज, वीस वर्षांची मुदत, ७ टक्के व्याज आणि १५,५०६ रुपये हप्ता. तेव्हा घरात दोन पगार येत होते. वर्षाच्या आत माझे यजमान गेले. मुलगा सात वर्षांचा होता. कर्जासोबतचा विमा आम्ही घेतला नव्हता. खर्च वाढतो म्हणून तो कागद बाजूला ठेवला होता, आणि तो बाजूलाच राहिला. माझ्या हातात तेव्हा एकतीस हजार पडायचे. त्यातला निम्मा पगार पाच तारखेला बँकेत जायचा.

आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते हप्त्याच्या वर थोडे पैसे भरण्याबद्दल. "हप्ताच जेमतेम भरतोय, वर कुठून आणू?" हे वाक्य मी स्वतः अनेकदा बोलले आहे. म्हणून मला नेमकं काय दिसलं ते आधी सांगते.

मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती इतर बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, वाढवायला सुरुवात केली. ४ टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहावर गेला. माझं कर्ज रेपोला जोडलेलं, त्यामुळे माझे सातचे साडेनऊ झाले. पण हप्ता १५,५०६ च राहिला. दर महिन्याला तेवढेच पैसे कापलेले बघून मी निर्धास्त होते. मार्च २०२३ मध्ये कारखान्यात वर्षअखेरीचं काम चाललं होतं. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब जुळवताना मनात आलं, आपल्या कर्जाचा उतारा आपण कधी काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बँकेत जाऊन काढून आणला आणि रात्री मुलगा झोपल्यावर जेवणाच्या टेबलावर पसरला.

हप्ता १५,५०६. त्यातलं व्याज १५,१०० च्या वर. मुद्दलात जमा, जेमतेम चारशे रुपये. येणं बाकी एकोणीस लाख दहा हजारांच्या आसपास. दोन वर्षं न चुकता हप्ते भरून लाखभरसुद्धा मुद्दल फिटलं नव्हतं. बँकेने हप्ता वाढवला नव्हता, मुदत वाढवली होती. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. त्या दराने आणि त्या हप्त्याने कर्ज फिटायला एकोणचाळीस वर्षं लागणार होती. माझं वय तेव्हा अडतीस.

मग मी हप्त्यात एक हजार मिळवून तोच हिशेब पुन्हा केला. एकोणचाळीसची सव्वीस वर्षं झाली. माझा विश्वास बसेना, म्हणून तीनदा केला. दोन हजार मिळवले तर एकवीस. मुद्दलात चारशे जातात तिथे चौदाशे जाऊ लागले, म्हणजे मुद्दल साडेतीनपट वेगाने फिटू लागलं, असं त्याचं साधं गणित आहे. हप्त्यातलं व्याज जितकं जास्त, तितका वरच्या हजाराला जोर जास्त. म्हणून कर्जाच्या सुरुवातीच्या वर्षांत वर भरलेला रुपया शेवटच्या वर्षांतल्या रुपयापेक्षा कितीतरी मोठं काम करतो.

ज्यांचं कर्ज अगदी नवीन आहे त्यांच्यासाठी एक आकडा देते. वीस लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता १७,३५६ येतो. पहिल्या वर्षात तुम्ही दोन लाख आठ हजार भरता, त्यातले मुद्दलात जातात चाळीस हजारांपेक्षा कमी. आणि वर्ष संपताना एकदाच पन्नास हजार मुद्दलात टाकले, तर शेवटचे जवळजवळ चौदा हप्ते पुसले जातात.

आता तो हजार कुठून आणायचा. इथे मला जरा रागाने बोलायचं आहे. चहा कमी करा, मासळी कमी करा, मुलांचे लाड कमी करा, असं आपल्याला सगळे सांगतात. एकट्या आईच्या घरात कमी करायला फार काही उरलेलं नसतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बांगड्याचा भाव ऐकून आपण तशाही मागे फिरतो. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणणार नाही, असं कोण म्हणेल? मीही म्हणाले नाही. पोरं बापाशिवाय वाढतात, त्यांच्या सणातून कर्ज फेडू नये असं माझं मत आहे.

माझा पहिला हजार माझ्याच एका चुकीतून सापडला. दर महिन्याला मी हजार रुपयांची आवर्ती ठेव भरत होते. तिच्यावर सहा टक्के मिळत होते, आणि त्याच वेळी कर्जावर मी साडेनऊ देत होते. ठेव पुरी झाल्यावर ती पुन्हा सुरू केली नाही, तेच पैसे कर्जाकडे वळवले. घरखर्चाला धक्का लागला नाही. दुसरा हजार पगारवाढीतून आला. वाढ झाली की हाताला सवय लागण्याआधीच निम्मी वाढ हप्त्याला जोडायची, एवढा एकच नियम मी पाळते.

आणखी एक जागा आहे, तिथे आपण बायका जातच नाही, ती म्हणजे बँकेचं टेबल. आजच्या नव्या कर्जदाराला बँक काय दर देते ते विचारा. तुमचा दर त्याहून जास्त असेल तर तो खाली आणण्यासाठी अर्ज करता येतो, त्याची ठरावीक फी असते. पंधरा लाखांच्या कर्जावर अर्धा टक्का कमी झाला तर पहिल्या वर्षी साडेसात हजारांच्या आसपास व्याज वाचतं, महिन्याला सव्वासहाशे. हप्ता न बदलता हे पैसे मुद्दलात जाऊ द्या. विचारताना आवाज थोडा कापतो, माझाही कापला होता. तरी विचारा.

भरण्याच्या पद्धतीबद्दल मात्र नीट ऐका, कारण इथे माझे पाच महिने वाया गेले. मी मोबाइलवरून दर महिन्याला हजार रुपये कर्जखात्यात पाठवत राहिले. ते मुद्दलात गेलेच नाहीत, पुढच्या हप्त्याची आगाऊ रक्कम म्हणून नुसते पडून राहिले. उतारा बघितला तेव्हा कळलं. मग शाखेत जाऊन हातानेच अर्ज लिहिला. तो वाचून दाखवते: "माझ्या कर्जखात्यात जमा केलेली जादा रक्कम मुद्दलाच्या अंशतः परतफेडीत धरावी. मासिक हप्ता आहे तोच ठेवून कर्जाची मुदत कमी करावी. बदललेलं परतफेडीचं वेळापत्रक मला द्यावं." खाली खाते क्रमांक, तारीख, सही, आणि दुसऱ्या प्रतीवर बँकेचा शिक्का. जादा रक्कम भरल्यावर हप्ता कमी करायचा की मुदत, हा पर्याय असतो. आपण सांगितलं नाही तर काय होईल याचा भरवसा नाही, म्हणून लिहून द्या. दंडाची भीती बाळगू नका. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा आकार घ्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ सालीच मनाई केली आहे. आणि ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं, हे निवडण्याची संधी बँकेने आपल्याला द्यायला हवी. माझ्या वेळी ते परिपत्रक निघालं नव्हतं. तुमच्या वेळी आहे.

आता एक प्रसंग सांगते. सांगताना अजून त्रास होतो. हे सगळं कळल्यावर मला घाई झाली. यजमानांच्या कारखान्याकडून थोडे पैसे उशिरा मिळाले, साठ हजार. मी ते सगळेच्या सगळे मुद्दलात टाकले. बचत खात्यात चार हजार उरले. पावसाचे दिवस होते. पंधरा दिवसांनी मुलगा जिन्यावरून घसरला आणि हाताचं हाड मोडलं. उपचाराला फार पैसे लागले नाहीत, पण त्याच्याजवळ थांबायला घरात दुसरं माणूस नव्हतं. माझी रजा संपली होती, अकरा दिवसांचा पगार कापला गेला. पाच तारखेला हप्ता होता. मी तो क्रेडिट कार्डावर पैसे उचलून भरला. कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के, वर्षाचे बेचाळीस. साडेनऊ टक्क्यांचं कर्ज फेडायला म्हणून हातातले पैसे घालवले आणि बेचाळीस टक्क्यांचं कर्ज घेतलं. ते फेडायला सात महिने लागले. मुद्दलात गेलेले पैसे परत मागता येत नाहीत. दोन पगारांच्या घरात ही चूक एका महिन्यात भरून निघते. आपल्या घरात दुसरा हात नसतो.

त्यामुळे माझा क्रम आता असा आहे. कार्डाचं किंवा हातउसन्याचं देणं आधी. त्यानंतर तीन हप्त्यांइतकी रक्कम वेगळ्या खात्यात, ज्याचं कार्ड पर्समध्ये नाही अशा खात्यात. तीनच का, तर हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की कर्ज बुडीतकडे झुकलेलं धरतात आणि पुढे जप्तीच्या नोटिसांचा रस्ता सुरू होतो. ते दार बंद ठेवण्यापुरते पैसे तरी हवेतच. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा असं म्हणतात, ते बरोबरच आहे, पण मला तिथे पोचायला तीन वर्षं लागली. तीन हप्ते जमले की वरचा हजार सुरू करावा, आणि बाजूची रक्कम हळूहळू वाढवत राहावी. काही बँकांत गृहकर्जाला जोडलेलं ओव्हरड्राफ्ट खातं मिळतं. त्यात टाकलेले पैसे व्याज कमी करतात आणि लागले तर काढताही येतात. दर किंचित जास्त असतो, पण एकट्या कमावत्या माणसाने त्याची चौकशी जरूर करावी.

"कर वाचतो, कर्ज राहू दे" असं कुणी सांगेल. तुमचा पगार बघा. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. जो कर लागतच नाही, तो वाचवायला व्याज कशाला भरायचं?

विम्याचं मी सुरुवातीला बोलले. यजमान गेल्यावर मी पहिल्यांदा स्वतःचा मुदत विमा काढला, म्हणजे मुदतीत आपण गेलो तर घरच्यांना रक्कम देणारा, कर्जाच्या बाकीहून थोडा जास्त रकमेचा. वर भरायचा हजार आणि विम्याचा हप्ता यांतलं एकच परवडत असेल तर विमा घ्या. आणि कागदांचं. आपल्याकडे गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक धरतात. अर्धा वाटा माझा, यजमानांचा अर्धा मुलाकडे. त्यासाठी कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी, करावी लागते, मूल अल्पवयीन असेल तर टाळताच येत नाही. हे काम कर्ज फिटल्यावर बघू म्हणून ठेवू नका. कर्ज फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत देणं बँकेवर बंधनकारक आहे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. पण आपलीच वारसाहक्काची कामं अर्धवट असतील तर तो नियम काय करणार?

२०२५ मध्ये रेपो दर साडेसहावरून सव्वापाचवर आला. माझा दर सव्वाआठ झाला. शाखेतून विचारणा झाली, हप्ता कमी करून देऊ का? मोह झाला, खोटं कशाला बोलू. मुलगा आता बारा वर्षांचा आहे, त्याची भूक आणि वह्या दोन्ही वाढल्या आहेत. पण मी १७,५०६ च ठेवला. गेल्या महिन्याच्या उताऱ्यात साडेपाच हजारांच्या आसपास मुद्दलात गेले. जिथे चारशे जायचे तिथे. या चालीने २०४० साली फिटेल, म्हणजे मूळ ठरलेल्या तारखेच्या वर्षभर आधी. एकोणचाळीस वर्षांचा तो आकडा मी उताऱ्याच्या कडेला पेन्सिलने लिहिला होता, तो कागद अजून फाईलमध्ये आहे.

तुमच्यातल्या ज्यांनी कर्जाचा उतारा आणला आहे त्यांनी पुढे या. माझ्याकडे कॅल्क्युलेटर आहे, आणि कदंबची शेवटची बस सुटायला अजून दीड तास आहे. ज्यांनी आणला नाही त्यांनी अर्जाचा मजकूर उतरवून घ्या, मी फळ्यावर लिहिते.